साथीच्या काळात कोणाचा आदेश चालतो? निर्बंधांचे कायदे, पोलिसांचे अधिकार आणि आपले हक्क

मुंबई-गोवा महामार्गावर कसालच्या तिठ्यावरून मालवणचा रस्ता फुटतो. 2020 च्या उन्हाळ्यात मुंबई-ठाण्याहून निघालेला चाकरमानी या तिठ्यापर्यंत पोचायचा तो खारेपाटणच्या हद्दीवर ई-पास दाखवून. पुढे गावात शाळेत नाहीतर घराच्या एका खोलीत अलग राहायचे. कोण म्हणे चौदा दिवस, कोण म्हणे दहा. एका वाडीत एक नियम, शेजारच्या वाडीत दुसरा. हे अडवणारे कोण आणि त्यांना हा अधिकार दिला कोणी, हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला, पण नीट उत्तर फार थोड्यांना मिळाले. 2 एप्रिल 2022 पासून राज्यातले निर्बंध उठले आणि विषय मागे पडला. कायदे मात्र अजून तसेच आहेत, काही तर आणखी कडक झालेत. म्हणून वाचकांसाठी ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

सुरुवात 1897 च्या साथरोग प्रतिबंधक कायद्यापासून करावी लागते. मुंबईत प्लेग आला होता आणि ब्रिटिश सरकारने घाईघाईने हा कायदा केला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर सरकारने तात्पुरते नियम काढावेत, ते मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि चांगल्या हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा होऊ नये, एवढाच त्याचा सारांश. सरकारने काय करू नये, याबद्दल त्यात जवळपास काहीच नाही. त्याचे परिणाम लगेच दिसले. पुण्यात घरात घुसून झालेल्या तपासण्यांमुळे लोक संतापले आणि 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेले असते. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजे थांबवण्यात आली. आणि मार्च 1898 मध्ये मुंबईच्या मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला इस्पितळात हलवायला पथक आले तेव्हा दंगल उसळली. या दोन गोष्टी मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतात.

हाच कायदा महाराष्ट्र सरकारने 13 मार्च 2020 रोजी लागू केला आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली कोविडचे नियम काढले. संशयित रुग्णाला अलगीकरणात ठेवणे, नकार दिल्यास सक्तीने ठेवणे, हे अधिकार त्यातून आले. देशभरची टाळेबंदी मात्र वेगळ्या कायद्याने झाली. तो म्हणजे आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005. आम्हाला वाटते, सर्वसामान्य माणसाने एकच कायदा समजून घ्यायचा असेल तर तो हा.

या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. सिंधुदुर्गचे जिल्हाधिकारी कार्यालय ओरोसला, कसालपासून अगदी जवळ. जिल्ह्यात कोणता रस्ता बंद, कोणत्या भागात प्रवेश नाही, कोणते वाहन चालेल, हे ठरवण्याचा अधिकार कलम 34 ने याच प्राधिकरणाला दिला आहे. जागा किंवा वाहन ताब्यात घ्यायचे तर कलम 65 खाली आदेश लागतो आणि कलम 66 प्रमाणे त्याची भरपाई मागता येते. उद्या जमातीचा हॉल किंवा मदरशाची इमारत अलगीकरणासाठी मागितली तर आनंदाने द्या, पण आदेशाची प्रत घेऊन फाइलला लावा. बरे, कलम 61 सुद्धा लक्षात ठेवा. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही, असे ते स्पष्ट सांगते.

मग गावातली समिती? सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक आणि आशाताई यांनी त्या काळात फार मोठे काम केले, ते मान्यच करावे लागेल. पण समिती वरून आलेला आदेश अमलात आणते, स्वतःचा कायदा करत नाही. चौदाचे एकवीस दिवस करणे, बांबू टाकून रस्ता अडवणे, कुणाला विहिरीवर येऊ न देणे, एखाद्या भाजीवाल्याला नाव विचारून वाडीत न घेणे, यातले काहीही समितीच्या अधिकारात बसत नाही. एप्रिल 2020 मध्ये अनेक ठिकाणी हे घडले, आणि नाव विचारण्याचा त्रास कोणाला झाला ते वाचकांना सांगायला नको. अशा वेळी वाद न घालता ‘लेखी आदेश दाखवा’ एवढेच म्हणावे आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्यावी.

नियम बदलतही राहतात. 2020 च्या गणेशोत्सवात चाकरमान्यांचे अलगीकरण राज्य सरकारने दहा दिवसांवर आणले. ई-पासची अट केंद्राने ऑगस्टमध्ये काढायला सांगितली, आपल्याकडे ती 2 सप्टेंबरला गेली. त्यामुळे आदेश पाहताना सही कोणाची, कोणत्या कलमाखाली आणि तारीख कोणती, या तीन गोष्टी पाहाव्यात. जुना आदेश दाखवून नवा माणूस अडवला जातो, हे सर्रास होते.

आता शिक्षेकडे येऊ. आदेश मोडला तर पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 188 लागायचे. एक महिना कैद किंवा 200 रुपये दंड, आणि जिवाला धोका असेल तर सहा महिने किंवा हजार रुपये. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 ने घेतली आहे. आता साध्या भंगाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जिवाला धोका असेल तर एक वर्ष किंवा 5,000 रुपये किंवा दोन्ही. जमावबंदीचे जुने कलम 144 आता नागरिक सुरक्षा संहितेत 163 झाले आहे. आपत्ती कायद्याच्या कलम 51 खाली एक वर्ष, आणि कृत्यामुळे जीव गेला किंवा जाण्याची वेळ आली तर दोन वर्षे. खोटी घाबरवणारी बातमी पसरवली तर कलम 54 खाली एक वर्ष, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलण्याआधी दोनदा बघा. डॉक्टर, नर्स किंवा आशाताईवर हात उचलणे आता फारच महाग पडते. 2020 च्या दुरुस्तीने तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि 50,000 ते दोन लाख दंड ठेवला, गंभीर इजा असेल तर सात वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. हा गुन्हा अजामीनपात्र आहे.

पोलिसांना काय करता येते? आदेशभंगाचा गुन्हा दखलपात्र असल्याने ते गुन्हा नोंदवू शकतात. पण कोर्टाला त्याची दखल घ्यायची तर ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 195 मध्ये होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 215 मध्ये आहे. ही तक्रार नसेल तर खटला टिकणे कठीण. बेकायदा जमाव पांगवायला बळ वापरता येते. एकट्या माणसाला उठाबशा काढायला लावणे किंवा मशिदीतून बाहेर पडणाऱ्याला शिक्षा म्हणून काठी मारणे कोणत्याही कायद्यात नाही. दंड भरलात तर पावती घ्या.

न्यायालयांनी दोन्ही बाजूंनी निर्णय दिले आहेत आणि फक्त आपल्याला आवडणारे निवडून सांगणे बरोबर नाही. एप्रिल 2021 मध्ये रमजानसाठी मशीद उघडण्याची मुंबईतील जुमा मशीद ट्रस्टची मागणी उच्च न्यायालयाने फेटाळली. साथीचा जोर पाहता लोकांची सुरक्षितता आधी, अशी भूमिका घेतली गेली. ती बंदी सगळ्याच धर्मस्थळांना होती, म्हणून ती टिकली असे आमचे मत आहे.

दुसऱ्या बाजूला, तबलिगी जमातीशी जोडलेल्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी 29 परदेशी नागरिकांवरचे आणि त्यांना आसरा देणाऱ्या अहमदनगर जिल्ह्यातील मशिदींच्या विश्वस्तांसह भारतीयांवरचे गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे नोंदवले. सोबतचे न्या. एम. जी. सेवलीकर यांना काही निरीक्षणे मान्य नव्हती, पण गुन्हे रद्द करण्यावर दोघांचे एकमत होते. महिनाभरात नागपूर खंडपीठानेही म्यानमारच्या आठ नागरिकांवरचा गुन्हा रद्द केला.

मय्यतीचा प्रश्न सर्वांत जास्त जिव्हारी लागला. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने सर्व कोविड मृतदेह जाळण्याचे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी बदलले. नंतर वांद्र्याच्या कब्रस्तानांत दफन करू नये म्हणून रहिवासी न्यायालयात गेले. त्यात कोकणी मुसलमानांचे कब्रस्तानही होते. 22 मे 2020 रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. एस. एस. शिंदे यांनी याचिका फेटाळल्या. दफनामुळे संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी हा अनुच्छेद 21 मधला हक्क आहे, असे निकालात आले. केंद्राच्या सूचनांत मृतदेहाला स्नान घालायला, मिठी मारायला मनाई होती. पण चेहरा शेवटचा पाहू देणे आणि शरीराला स्पर्श न करता दुआ करणे याला मुभा होती. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक घरांनी चेहरासुद्धा पाहिला नाही.

आदेश काढण्याची पद्धतही पाळावी लागते. 2021 मध्ये लस न घेतलेल्यांना मुंबईच्या लोकलमध्ये बंदी करणारे आदेश तत्कालीन मुख्य सचिवांनी राज्य कार्यकारी समितीशी सल्लामसलत न करता काढले होते. फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. लसीची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी सांगितले, मात्र साथीच्या प्रमाणात वाजवी निर्बंध घालता येतात हेही सांगितले. आपत्ती कायद्याचा आदेश खालच्या न्यायालयात सहसा आव्हान देता येत नाही. कलम 71 मुळे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयातच जावे लागते. सिंधुदुर्गच्या माणसासाठी 2020 मध्ये त्याचा अर्थ मुंबई असा होता. गरिबाला ते परवडत नाही, ही या कायद्याची मोठी उणीव आहे.

विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये 286 व्या अहवालात 1897 चा कायदा नव्याने बांधण्याची शिफारस केली आहे.

शेवटी आखातात जाणाऱ्या मुलांच्या घरांसाठी एक गोष्ट. दोनशे रुपयांचा गुन्हा म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 खाली पासपोर्ट अडतो आणि न्यायालयाची परवानगी आणावी लागते. टाळेबंदीतले कलम 188 चे खटले मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने 2022 मध्ये घेतला. सरकारी आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांवर हल्ला झालेली प्रकरणे त्यातून वगळली आहेत. पण निर्णय झाला म्हणून प्रत्येक खटला आपोआप बंद होत नाही, सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. ज्यांच्या नावावर त्या काळातला गुन्हा आहे त्यांनी पोलीस ठाण्यातून गुन्हा क्रमांक घ्यावा, तालुका न्यायालयात किंवा ई-कोर्टच्या संकेतस्थळावर स्थिती बघावी आणि खटला निकाली निघाला असेल तर आदेशाची प्रमाणित प्रत काढून पासपोर्टच्या कागदांसोबत ठेवावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय ओरोसलाच आहे.