ते १५ वॅट कोणाचे?

स्टीम डेकवर तीन ठिपक्यांचं बटण दाबा. परफॉर्मन्सच्या पानावर टीडीपी लिमिट नावाचा एक स्लायडर दिसेल, ३ वॅटपासून १५ वॅटपर्यंत. प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वीज खायची, हे तुम्ही तिथे ठरवता. किती साधी गोष्ट! पण हँडहेल्डच्या इतिहासात बराच काळ हा निर्णय कंपनीने कारखान्यातच घेऊन टाकलेला असायचा.

१९८९ चा गेम बॉय घ्या. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोइ यांचा आग्रह असा, की जुनं, स्वस्त, पूर्ण कळलेलं तंत्र घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. म्हणून गेम बॉयला रंग नाहीत, स्क्रीनमागे दिवा नाही आणि चिप चार मेगाहर्ट्झच्या आसपासची. पण चार पेन्सिल सेलवर तो दहा-पंधरा तास चालायचा. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गिअर आला: रंगीत, उजळ आणि सहा सेल तीन ते पाच तासांत फस्त करणारा. कोण जिंकलं ते सांगायला नको. दोन्हीकडे खेळणाऱ्याच्या हातात मात्र एकच उपाय होता, दुकानातून नवे सेल आणणं.

खरी गंमत सोनीच्या पीएसपीची आहे. तो डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आला. त्याची चिप ३३३ मेगाहर्ट्झला चालू शकत होती, पण सोनीने गेम्सना २२२ च्या पुढे जाऊ दिलं नाही. बॅटरी टिकावी म्हणून, हे उघडच होतं. मग हौशी प्रोग्रामर मंडळींनी कुलूप फोडलं. त्यांच्या बदललेल्या फर्मवेअरमध्ये वेग आपला आपण निवडता यायचा. चुकलं तर पीएसपीची वीट व्हायची, आणि प्रत्येक अधिकृत अपडेट जुनी फट बुजवायचं. तरी लोक करत राहिले. २००७ मध्ये सोनीने स्वतःच गेम बनवणाऱ्यांना ३३३ खुलं केलं. ध्यानात घ्या, बनवणाऱ्यांना. खेळणाऱ्यांना नाही.

त्याच सुमाराला कॉम्प्युटरच्या दुनियेत वेगळंच संकट होतं. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान झाले की व्होल्टेजही उतरवता येतं. म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले तरी उष्णता वाढत नाही. तीस वर्षं उद्योग या हिशोबावर जगला. मग गळती इतकी वाढली की व्होल्टेज आणखी खाली जाईना. २००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ चा पुढचा अवतार, टेजस, रद्द केला.

टीडीपी म्हणजे थर्मल डिझाइन पॉवर. हा आकडा मुळात तुमच्या-माझ्यासाठी नव्हताच. पंखा आणि हीट सिंक बनवणाऱ्या इंजिनिअरला 'एवढी उष्णता बाहेर काढायची तयारी ठेव' असं सांगण्यासाठी तो असायचा. पुढे चिप स्वतःच्या विजेचा हिशोब ठेवून मर्यादेत राहायला शिकल्या. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये ही मर्यादा सॉफ्टवेअरमधून बदलायची सोय दिली. कागदावरचा आकडा असा फिरवता येणारा खटका झाला. छोट्या विंडोज हँडहेल्डवाल्यांनी तो बायोसमधून आणि फुकट टूल्स वापरून आधीच फिरवला होता. वॉल्व्हने २०२२ मध्ये तो मेन्यूत, सगळ्यांसमोर आणून ठेवला. माझ्या मते स्टीम डेकचं हे सगळ्यात कमी कौतुक झालेलं काम आहे.

आता थोडं गणित. चिपची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत; आणि वेग वाढवायला व्होल्टेजही चढवावं लागतं. म्हणून वरचे चार-पाच वॅट थोडाच वेग देतात आणि बॅटरी मात्र भराभर पितात. पहिल्या डेकची बॅटरी ४० वॅट-अवरची. स्क्रीन, वायफाय वगैरेंना ५ वॅट धरा. चिप १५ वर असेल तर एकूण २०, म्हणजे दोन तास. चिप ८ वर आणली की एकूण १३, म्हणजे तीन तासांच्या थोडं वर. मर्यादा जवळजवळ निम्मी केली तरी वेळ दुप्पट होत नाही, कारण तो ५ वॅटचा खर्च कुठे जात नाही.

आणि ही फक्त वरची मर्यादा आहे. हलकाफुलका टूडी गेम तसाही १५ वॅट खात नाही. तिथे स्लायडर ओढून फारसं काही हाती लागत नाही. जड गेमला आधी फ्रेम्स ४० वर बांधा. एक फ्रेम २५ मिलिसेकंदांची होते, ३० आणि ६० च्या फ्रेम-वेळांच्या बरोबर मध्ये. मग वॅट एकेक करून खाली आणा, आणि गेम अडखळायला लागला की एक पायरी वर या. सीपीयू आणि जीपीयू एकाच वाटणीत जेवतात, त्यामुळे प्रत्येक गेमचा आकडा वेगळा येतो. म्हणूनच प्रत्येक गेमचं वेगळं प्रोफाइल साठवायची सोय आहे.

निन्टेन्डोने मात्र २०१७ च्या स्विचमध्येही वेग आपल्याच हातात ठेवला. त्यांची बाजूही कच्ची नाही: सगळे स्विच सारखेच वागतात, म्हणून बनवणारा एकाच आकड्यासाठी गेम घासूनपुसून तयार करू शकतो. डेकवाल्याला ती घासपूस स्वतः करावी लागते, कधी कधी गेम खेळण्यापेक्षा जास्त वेळ.