फरशीखालचा थर: मुठीच्या मापापासून चाळणीपर्यंत

इमारतीच्या तळमजल्याची भुई किती टिकेल, हे वरच्या फरशीपेक्षा तिच्याखालच्या दगडी थरावर अधिक अवलंबून असते, आणि या थराचे लेखी वर्णन किमान दोन हजार वर्षांपासून उपलब्ध आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथाच्या सातव्या भागात भुईची रचना थरांनुसार सांगितली आहे. सर्वांत खाली हाताच्या मुठीत मावेल त्याहून लहान नसलेले दगड, त्यावर तीन भाग खडी आणि एक भाग चुना यांचे मिश्रण, आणि त्यावर कुटलेल्या विटा-कौलांचा चुन्यात कालवलेला थर, असा तो क्रम होता. मधला थर मजुरांच्या टोळ्यांनी लाकडी धुम्मसांनी ठोकून पाऊण रोमन फूट, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर, इतका तरी जाड राखावा, असेही तो बजावतो. दगडाचे माप त्याने हाताने सांगितले, कारण कामावरच्या माणसाजवळ तेच माप सदैव असे.

दख्खनच्या पठारावर या थराला वेगळेच महत्त्व आले. येथील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. म्हणून जोत्याच्या आतली, म्हणजे घराच्या उंचावलेल्या पायथ्याच्या भिंतींमधली, काळी माती काढून तेथे मुरूम, म्हणजे झिजलेल्या काळ्या खडकाचा भुरभुरीत चुरा, भरून धुमसण्याची पद्धत रूढ झाली. त्यावर बेसॉल्टचे, म्हणजे याच काळ्या खडकाचे, दगड उभे रचून, फटींत लहान कपच्या ठोकून बसवण्याच्या कामाला सोलिंग म्हणतात. दगड फोडण्याचे आणि माती वाहण्याचे हे कष्टाचे काम पिढ्यानपिढ्या बहुतांशी वडार समाजाने केले. भुईचे श्रेय गवंड्याकडे जाते, तिच्या आधाराचे श्रेय मात्र क्वचितच कोणाला मिळाले आहे.

१८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतल्यानंतर चुन्याच्या जाड थरांची जागा हळूहळू काँक्रीटच्या पातळ थराने, म्हणजे स्लॅबने, घेतली, आणि त्याबरोबर खालच्या थराकडून होणारी अपेक्षाही बदलली. मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी आपोआप वर चढते. याला केशाकर्षण म्हणतात. बारीक मातीत ते कित्येक फूट चढू शकते, तर मोठ्या पोकळ्यांच्या स्वच्छ खडीत काही सेंटिमीटरही जेमतेम चढते. जमिनीवर लिनोलियमसारखी आच्छादने चिकटवली जाऊ लागली, तेव्हा खालून येणाऱ्या ओलाव्याने ती सुटू लागली आणि केवळ भार पेलणाऱ्या थराने पाणीही अडवावे, अशी गरज निर्माण झाली.

यासाठी मुठीचे माप अपुरे होते. पोकळ्या किती मोठ्या राहतील, हे सर्वांत मोठ्या दगडापेक्षा त्यात मिसळलेल्या बारीक चुऱ्यावर ठरते. म्हणून विसाव्या शतकातील विनिर्देश, म्हणजे साहित्याच्या लेखी अटी, चाळणीच्या भाषेत लिहिले गेले. अमेरिकी मानकांतील ५७ क्रमांकाच्या खडीत ३७.५ मिलिमीटरच्या चाळणीतून सर्व माल जावा आणि ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून दहा टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नये, अशी अट आहे. मात्र चुरा नसलेली अशी खडी पायाखाली सरकते, आणि चुरा असलेली घट्ट बसते पण पाणी वर ओढते. धरणांच्या भरावासाठी रॅल्फ प्रॉक्टर याने १९३३ मध्ये मांडलेल्या चाचणीमुळे घट्टपणा मोजता येऊ लागला, तरी हा पेच सुटला नाही. कारण घट्टपणाची गरज आणि पाणी अडवण्याची गरज एकाच मालाकडून परस्परविरुद्ध गोष्टी मागतात.

महाराष्ट्रातील सोलिंगमध्येही तोच पेच दडलेला आहे. दगडांतील फटी मुरुमाने भरल्या की थर भक्कम होतो, पण त्याच मुरुमातून ओल वर येण्याची वाट उघडते. सार्वजनिक बांधकामाच्या दरसूचीत सोलिंगचे वर्णन आजही १५ ते २० सेंटिमीटर जाडी, हाताने रचणे आणि दाबणे अशा शब्दांत येते. त्यात भाराचा विचार स्पष्ट दिसतो, ओलीचा नाही. त्यामुळे फटी कशाने भरायच्या आणि किती भरायच्या, हा निर्णय बहुधा रचणाऱ्याच्या हाती राहतो.