सुरंजानचा कंद आणि अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी

"वनस्पतीचंच औषध आहे ना? मग दोन गोळ्या जास्त घेतल्या तर काय बिघडलं?" कोल्चिसिनबद्दल हा प्रश्न हमखास येतो.

गाउटमध्ये पायाचा अंगठा लाल होऊन सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. सहाव्या शतकात ट्रालेसचा ग्रीक वैद्य अलेक्झांडर यावर कोल्चिकमचा कंद देत असे. युनानी वैद्यकातला सुरंजान तो हाच. ठणका थांबे, पण जुलाब-उलट्यांनी रोगी गळून जाई. कोणत्या कंदात औषध किती, हे कळायला मार्गच नव्हता.

१८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि कावाँतू यांनी (क्विनीन वेगळं करणारी हीच जोडी!) कंदातलं कार्यद्रव्य वेगळं केलं, १८३३ मध्ये गायगर यांनी त्याला कोल्चिसिन हे नाव दिलं. आता मात्रा मोजता येऊ लागली.

कोल्चिसिन पेशीच्या आतला सांगाडा जुळू देत नाही. त्यामुळे पांढऱ्या पेशी सांध्याकडे धावत नाहीत, सूज उतरते. आतड्याच्या पेशींनाही तोच फटका बसतो, म्हणून जुलाब. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल, तर नेहमीची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळीही जास्त होऊ शकते. गोळी सुरू करण्याआधी हे डॉक्टरांना जरूर सांगा.