विसरणारा माणूस आणि आठवण देणारे यंत्र

इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तह हेच आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु माणसाच्या विसरण्यालाही इतिहास आहे. आणि विसरणाऱ्याच्या मदतीस यंत्र कसे आले, यालाही आहे. तो आज आम्हांस सांगावयाचा आहे.

'साठी बुद्धी नाठी' एवढे म्हणून आपण पुष्कळ काळ मोकळे होत आलो. सन १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे डॉक्टर अलोइस अल्झायमर मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. आगुस्टे डेटर नावाची एक्कावन वर्षांची स्त्री त्यांच्या रुग्णालयात दाखल झाली होती. त्यांनी नाव विचारले. तिने 'आगुस्टे' सांगितले. आडनाव विचारले, तरी 'आगुस्टे'. पतीचे नाव विचारले, तेव्हाही तिला तेच सुचले. डॉक्टर विचारीत गेले, उत्तराची वाट पाहत गेले आणि शब्दन् शब्द टिपून ठेवीत गेले. ती १९०६ साली वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू तपासला आणि त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या सभेत आपला शोध मांडला. पुढे १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमरांचे नाव दिले. या विद्येचा आरंभ असा एका माणसाने दुसऱ्याचे धीराने ऐकण्यातून झाला, हे ध्यानात ठेवावे.

आता यंत्राकडे वळू. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाची संगणकाची आज्ञावली प्रसिद्ध केली. आपण टंकलेले वाक्य उलटवून ती प्रश्नरूपाने परत करी. तिला कळत काहीच नसे. तरी खुद्द वायझेनबाउम यांच्या चिटणीस बाई तिच्याशी 'बोलू' लागल्या, आणि थोड्याच वेळात त्यांनी साहेबांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली! निर्मात्याला याचा धसका बसला. जिथे कान नाही तिथेही माणूस कान कल्पितो, ही गोष्ट त्यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात बजावून सांगितली. शहाण्यासुरत्यांची ही स्थिती, तर ज्याची स्मृती ढासळली आहे त्याची काय कथा?

तथापि भय दाखवून प्रश्न सुटत नाही. ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्याला विचारा. नळ सोडला, पण साबण कशासाठी हे आठवत नाही. साबण लावला, पण हात पाण्याखाली धरावयाचे राहून जाते. मग पत्नीने वा मुलाने दर वेळी मोरीपाशी उभे राहावयाचे आणि तेच तेच सांगावयाचे. सांगणारा थकतो, ऐकणारा ओशाळतो आणि घरात चिडचिड वाढते. कॅनडातील टोरोंटो येथे ॲलेक्स मिहायलिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रसंग हाती घेतला. त्यांचे यंत्र कॅमेऱ्याने हात, साबण आणि पंचा यांवर नजर ठेवी, पुढची पायरी चुकते आहे असे वाटले तरच बोलून सूचना देई, आणि तेवढ्याने न भागल्यास माणसाला हाक मारी. २००८ साली त्यांनी सहा रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील मध्यम अवस्थेच्या रुग्णांना यंत्र असताना माणसाची मदत सुमारे ६० टक्के कमी लागली.

या आकड्यापाशी आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. माणसाचा संबंध साठ टक्क्यांनी घटला, हा लाभ की हानी? आमचे उत्तर असे: जे संबंध घटले ते 'साबण लाव, नळ बंद कर' या जातीचे होते, ते घटले तर वाईट काही नाही. वाचलेला वेळ कोठे जातो, यावर मात्र सारे अवलंबून आहे. ती पत्नी मोरीतून सुटून पतीशेजारी ओटीवर घटकाभर बसली, तर यंत्राने घर राखले. 'आता यंत्र आहेच' म्हणून घरचे लोक दार ओढून निघून गेले, तर त्याच यंत्राने म्हाताऱ्याला एकांतवासाची शिक्षा दिली.

हा प्रश्न केवळ परदेशाचा राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आपल्याकडे त्यांचा बहुतेक भार घरावर, आणि घरातही सुनेवर, लेकीवर वा पत्नीवर पडतो. तेव्हा ही यंत्रे येथे यावीत, असेच आम्ही म्हणू. मात्र ती मालवणी बोलणाऱ्या आजीला मालवणीतच सांगणारी असावीत. परक्या बोलीतला आवाज तिला धीर देण्याऐवजी घाबरवील. दुसरे असे, की कॅमेरा मोरीत लावावा की नाही हे त्या माणसाला विचारावे, आणि 'हो' वा 'नको' म्हणण्याइतके भान त्याला आहे तोवरच विचारावे. पुढे विचारण्यास उशीर झालेला असतो.

यंत्र आठवण देईल, उद्या ते अधिक गोड आवाजातही देईल. परंतु तीनदा 'आगुस्टे' हेच उत्तर ऐकूनही चौथा प्रश्न विचारण्यास जो माणूस बसून राहिला, त्याची जागा आम्ही यंत्राला देऊन चुकलो, असे पुढच्या इतिहासकाराला लिहावे लागू नये.