वैशाखातील बर्फ : रोहतांग परिसरातील उन्हाळी स्कीइंग आणि महाराष्ट्रातील पर्यटक

प्रस्तावना

घोड आणि भीमा या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या शिरूर तालुक्यात वैशाख महिना हा टँकरचा आणि कोरड्या विहिरींचा महिना मानला जातो. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान असलेल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत शीतकपाटे तयार करणारे कारखाने उभे राहिले आहेत. या परिसराचा बर्फाशी असलेला संबंध एवढाच. भीमेचा उगम सह्याद्रीत होतो आणि तिच्या पात्रात हिमनदीचे पाणी येत नाही. मराठी भाषेनेही या विषयात काटकसर केली आहे. आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम, डोंगरात साचून घट्ट झालेला थर आणि कारखान्यातून येणारी लादी या तिन्हींसाठी व्यवहारात फारसीतून आलेला ‘बर्फ’ हा एकच शब्द पुरतो.

असे असतानाही १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी पायांना स्कीच्या पट्ट्या बांधून हिमालयाच्या उतारावर उभे राहण्याचा अनुभव घेतला आणि तोही प्रामुख्याने मे महिन्यात. हा अनुभव नेमका कशामुळे शक्य झाला आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्की आणि हिमनदी : युरोपीय पार्श्वभूमी

स्की हे मूळचे उत्तर युरोपातील हिवाळी प्रवासाचे साधन होय. उंच पर्वतातील हिमनद्यांवर त्याचा उपयोग होऊ शकतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. १८९७ मध्ये जर्मन गिर्यारोहक विल्हेल्म पाउल्के आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील बर्नीज ओबरलँडच्या हिमनद्या स्कीच्या साहाय्याने पार केल्या. स्कीमुळे शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो. त्यामुळे हिमभेगांवरील नाजूक हिमपूल चालणाऱ्या माणसापेक्षा स्कीवरील माणसाला अधिक काळ तोलून धरतात. मात्र भेगांचा धोका त्याने संपत नाही.

उन्हाळी स्कीइंगचे गणित आणखी वेगळे आहे. रात्री गोठलेला पृष्ठभाग सकाळच्या उन्हात वरून थोडा सैल होतो आणि कणीदार बनतो. त्या दोन-तीन तासांत स्की किंवा स्नोबोर्ड सहज घसरतो. दुपारी त्याच उताराचा चिखल होतो. म्हणून हिमनदीवर उन्हाळ्यात स्की करणारा माणूस पहाटे अंधारात चढू लागतो आणि दुपारपूर्वी उतरून आलेला असतो. आल्प्समध्ये पुढे हिमनद्यांवर पाळणे उभारले गेले आणि हिवाळा संपल्यानंतरही सराव चालू राहावा ही खेळाडूंची गरज त्यातून भागली. म्हणजेच तेथील उन्हाळी स्कीइंग हे हिवाळी स्कीइंगचे शेपूट होते.

‘शिग्री’ या शब्दाचा अर्थ

भारतात संघटित स्कीइंगचा प्रारंभ ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केला. १९२७ मध्ये गुलमर्ग येथे ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये मनाली येथे पर्वतारोहण संस्था सुरू झाली. ही संस्था आज अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यामार्फत सोलंग खोऱ्यातील उतारांवर स्थानिक तरुणांना स्कीचे प्रशिक्षण मिळू लागले. हे सर्व शिक्षण हिवाळ्यातले होते.

हिमालयात आल्प्ससारखी हिमनदीवरील उन्हाळी केंद्रे का उभी राहिली नाहीत, या प्रश्नाचे उत्तर केवळ पैशात किंवा रस्त्यांच्या अभावात शोधणे पुरेसे नाही. लाहौलमधील सर्वांत मोठ्या हिमनदीचे नाव ‘बडा शिग्री’ असे आहे. स्थानिक भाषेत ‘शिग्री’ म्हणजे दगडगोट्यांनी झाकलेली हिमनदी. पश्चिम हिमालयातील अनेक हिमनद्यांचा खालचा भाग असाच दरडींच्या थराखाली दडलेला असतो. त्यावर स्की घसरत नाही, माणूसही ठेचकाळतच चालतो. स्वच्छ उतार हवा असेल तर वरच्या संचय क्षेत्रापर्यंत, बहुधा पाच हजार मीटरच्या आसपास, पायी चढावे लागते. नाव ठेवणाऱ्या मेंढपाळांना जे ठाऊक होते, ते पर्यटन विकासाचे आराखडे आखणाऱ्यांच्या ध्यानात नेहमीच आले असे नाही.

महाराष्ट्रातील गिर्यारोहकांचा हिमनद्यांशी परिचय जुना आहे. हिमालयन क्लबचे कार्य मुंबईतून चालत आले आहे, मुंबईची ‘गिरिविहार’ आणि पुण्याची ‘गिरिप्रेमी’ या संस्थांनी मोठ्या मोहिमा काढल्या, आणि २०१२ मध्ये ‘गिरिप्रेमी’चे गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचले. तथापि सह्याद्रीच्या कड्यांवर तयार झालेल्या या परंपरेने हिमनदीकडे पाहिले ते शिखराची वाट म्हणून. दोर, कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन तिने आत्मसात केले, स्की क्वचितच. मराठी समाजाच्या हाती स्की आली ती गिर्यारोहकांकडून नव्हे, तर सहलीच्या बसमधून.

मे महिन्याची सुट्टी

त्यापूर्वी महाराष्ट्रातील सामान्य माणूस हिमालयात जाई तो यात्रेकरू म्हणून. काकासाहेब कालेलकरांनी १९१२ मध्ये केलेल्या व पुढे गुजरातीत शब्दबद्ध केलेल्या हिमालय प्रवासातही तीर्थयात्रेचीच प्रेरणा प्रबळ होती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या प्रवासाचे स्वरूप पालटले. नोकरदार वर्गाला मिळणारी प्रवास सवलत आणि मुंबई-पुण्यातील सहल कंपन्यांचा विस्तार (‘केसरी टूर्स’ची स्थापना १९८४ ची) यांमुळे कुटुंबासह थंड प्रदेशात जाणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. १९८९-९० पासून काश्मीरमधील परिस्थिती बिघडली आणि तिकडचा ओघ कुलू-मनालीकडे वळला.

येथे एक साधी गोष्ट निर्णायक ठरली. महाराष्ट्रातील शाळांची दीर्घ सुट्टी उन्हाळ्यात येते, हिवाळ्यात नव्हे. त्यामुळे ज्या काळात सोलंगचा उतार हिरवा झालेला असतो, त्याच काळात मराठी कुटुंब मनालीत पोहोचते. तेव्हा बर्फ शिल्लक असतो तो ३९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीत आणि तिच्या वाटेवरील सावलीच्या उतारांवर. युरोपीय खेळाडूसाठी जे हंगामाचे शेपूट होते, तेच या पर्यटकासाठी बर्फाचे पहिले आणि बहुधा शेवटचे दर्शन ठरले.

रोहतांगचा बर्फ ही हिमनदी नव्हे; तो हिवाळ्यात साचलेला हंगामी थर असून जून सरता सरता त्याचे तुकडे उरतात. पर्यटकांच्या बोलण्यात मात्र हा भेद पुसला गेला आणि रस्त्याकडेच्या कोणत्याही पांढऱ्या उताराला ‘ग्लेशिअर’ म्हटले जाऊ लागले. मनालीहून वर जाणाऱ्या रस्त्यावर क्रमांक घातलेल्या दुकानांतून कोट आणि गमबूट भाड्याने मिळत. ‘स्नो पॉइंट’वर गाडी थांबली की स्की घेतलेले तरुण भोवती जमत. पट्ट्या बांधणे, चार पावले घसरणे, छायाचित्र काढणे, पडणे आणि हसणे एवढ्यात पंधरा-वीस मिनिटांचा सौदा पूर्ण होई. या प्रकाराची टिंगल करणे सोपे आहे. परंतु त्या तरुणांपैकी अनेक जण बुरुआ, शनाग, गोशाल यांसारख्या गावांतले होते, आणि मे-जूनच्या कमाईवर त्यांचा हिवाळा निघत असे. याच बुरुआ गावच्या आंचल ठाकूर हिने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. आंतरराष्ट्रीय स्कीइंग स्पर्धेतील ते भारताचे पहिले पदक होय.

काजळी आणि निवाडा

ताजे हिम त्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा सुमारे आठ-दशांश किंवा त्याहून अधिक भाग परत फेकते. धूळ व काजळीने मळलेला जुना बर्फ त्याच्या निम्म्याहूनही कमी. खिंडीपर्यंत रांगेने चढणाऱ्या डिझेल गाड्यांचा धूर ज्या बर्फासाठी त्या येत होत्या त्याच बर्फावर बसत होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये या प्रश्नावर सविस्तर निवाडा दिला. २०१५ मध्ये रोहतांगला जाणाऱ्या पर्यटक वाहनांवर दिवसाला १०००, म्हणजे ६०० पेट्रोल व ४०० डिझेल, अशी मर्यादा आली आणि त्याच वर्षी तेथील व्यापारी पर्यटन उपक्रम थांबविण्यात आले. पुढे काही बंधने अटींसह सैल झाली.

या निवाड्याने न्याय झाला काय, याचे उत्तर सरळ नाही. तापमानवाढीचे मुख्य कारण मनालीच्या रस्त्यावर नव्हते, पण सर्वांत आधी बंद झाला तो स्की भाड्याने देणाऱ्याचा व्यवसाय. सहल कंपनीने दुसऱ्या दिवशी दुसरे स्थळ दाखविले. स्कीवाल्याला तशी सोय नव्हती. दुसऱ्या बाजूला हिमाची हानी काल्पनिक नव्हती. हिमनदीशास्त्रज्ञ अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चिनाब, पार्वती व बास्पा खोऱ्यांतील ४६६ हिमनद्यांचे क्षेत्र १९६२ पासून २०७७ चौरस किलोमीटरवरून १६२८ चौरस किलोमीटरवर आले होते. ही घट २१ टक्के होते. यातील चिनाबचे खोरे रोहतांगच्या पलीकडच्या उतारापासूनच सुरू होते.

इतर देशांतही हेच घडले आहे. बोलिव्हियातील चाकालताया येथे पाच हजार मीटरहून अधिक उंचीवरील हिमनदीवर अनेक दशके स्की केली जात असे. ती हिमनदी २००९ मध्ये संपली. पाळण्याचे अवशेष आणि क्लबची इमारत खडकावर उरली. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट येथे २००५ पासून आणि इटलीतील प्रेसेना येथे २००८ पासून हिमनदीच्या काही भागावर उन्हाळ्यात पांढरी आच्छादने अंथरण्यात येऊ लागली. आल्प्समधील पाळण्यांच्या मालकांकडे कापड अंथरण्याइतके भांडवल होते.

बोगद्यानंतर

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांग खिंड चढल्यावाचून लाहौलमध्ये जाणे शक्य झाले. पर्यटकांची गर्दी आता सिस्सू आणि कोकसरकडे वळली आहे. तेथून खिंडीपलीकडची सोनापानी हिमनदी दूर नाही. तिची पाहणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९०६ मध्ये केली होती, आणि तेव्हाच्या खुणांशी ताडून तिची माघार मोजणे नंतरच्या अभ्यासकांना शक्य झाले.

त्याच चंद्रा नदीच्या खोऱ्यात, सुत्री ढाका हिमनदीजवळ, २०१६ पासून ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र कार्यरत झाले. ते चालविणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था गोव्यात वास्को येथे आहे. जेथे हिम कधीच पडत नाही अशा किनाऱ्यावरून शास्त्रज्ञ उन्हाळ्यात तेथे जातात, बर्फात रोवलेल्या खांबांची उघडी पडलेली लांबी मोजतात आणि त्यावरून त्या वर्षीचा तोटा ठरवितात.