शेतावरची छोटी गाडी : जपानी ट्रक की आडवाटेचे वाहन?

महाकाय पिकअप गाड्यांचा देश अशी अमेरिकेची ओळख आहे. त्याच देशाच्या ग्रामीण भागात गेल्या काही वर्षांत एक चिमुकला ट्रक दिसू लागला आहे. सुकाणू उजव्या हाताला, चाके बारा इंची, चालक थेट पुढच्या चाकांवर बसलेला. हा ट्रक जपानमध्ये वीस-पंचवीस वर्षे राबून जहाजाने अमेरिकेत येतो. शेत, फळबाग, घोड्यांचा तबेला किंवा जंगलाचा तुकडा सांभाळणाऱ्यापुढे तो एक प्रश्न उभा करतो. रोजच्या किरकोळ वाहतुकीसाठी हा जुना जपानी ट्रक घ्यावा, की अमेरिकी बाजारात रुळलेले 'यूटीव्ही' म्हणजे आडवाटेचे उपयुक्तता वाहन घ्यावे?

वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. तो तसा नाही. दोन्ही वाहनांची घडण, मर्यादा, धोके आणि कायद्यातील स्थान वेगवेगळे आहे. निवड चुकली तर हजारो डॉलर खर्चून आणलेली गाडी नोंदणी कार्यालयाच्या एका नकारामुळे अंगणात अडकून पडू शकते. त्याहून वाईट म्हणजे, एका वाटेसाठी बनलेली गाडी दुसऱ्या वाटेवर नेल्यास ती जिवावर बेतू शकते.

'केइ' ट्रकचे घराणे

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने सामान्यांना परवडणाऱ्या वाहनांसाठी १९४९ मध्ये 'केइ' म्हणजे हलक्या वाहनांचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. कर आणि विमा यांत सवलत, पण आकार आणि इंजिन यांवर काटेकोर मर्यादा, असे त्याचे स्वरूप होते. इंजिनाची मर्यादा १९५५ पासून ३६० सीसी, १९७६ मध्ये ५५० सीसी आणि १९९० मध्ये ६६० सीसी झाली. १९९८ च्या नियमांनुसार वाहनाची लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि उंची २ मीटर यांपेक्षा अधिक असू शकत नाही. या वर्गातील ट्रकला ३५० किलो माल वाहण्याची अधिकृत मुभा असते.

सुझुकी कॅरी, दाइहात्सु हायजेट, सुबारू सांबार आणि होंडा ॲक्टी ही या घराण्यातील प्रमुख नावे. भातखाचरांमधील अरुंद बांध आणि खेड्यांतील चिंचोळ्या गल्ल्या डोळ्यांसमोर ठेवून ती घडली. अनेक ट्रकांत गरजेनुसार जोडता येणारा फोर व्हील ड्राइव्ह आणि चिखलातून रांगत जाण्यासाठी अतिशय मंद गिअर असतो. जपानमध्ये ठरावीक काळाने वाहनतपासणी सक्तीची असल्याने पंचवीस वर्षांचा ट्रकही पुष्कळदा सुस्थितीत मिळतो.

भारतीय वाचकाला हे घराणे अनोळखी वाटू नये. १९८४ मध्ये रस्त्यावर आलेली आणि पुढे 'ओम्नी' या नावाने घरोघरी पोहोचलेली मारुती व्हॅन सुझुकी कॅरीवरच बेतलेली होती. २००५ मध्ये आलेल्या आणि 'छोटा हत्ती' म्हणून लोकप्रिय झालेल्या टाटा एसचे जपानी घराण्याशी नाते नाही. मात्र कमी जागेत अधिक हौदा, हे सूत्र दोन्हींत सारखेच आहे.

यूटीव्हीचे घराणे

यूटीव्हीचा जन्म रस्त्यासाठी झालाच नाही. कावासाकीने १९८८ मध्ये 'म्यूल' हे वाहन आणले. म्यूल म्हणजे खेचर, आणि त्या नावातच त्याचे काम सांगितलेले होते. जॉन डिअरचे 'गेटर' आणि १९९८ मध्ये आलेले पोलारिसचे 'रेंजर' यांनी हा वर्ग रुजवला. दोन किंवा तीन जण शेजारी शेजारी बसतील असे आसन, भोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, मागे छोटा हौदा आणि चारही चाकांना लांब पल्ल्याचे स्प्रिंग, अशी त्याची रचना असते. बहुतेक यूटीव्हींत गिअर बदलावे लागत नाहीत. रबरी पट्ट्यावर चालणारी स्वयंचलित यंत्रणा ते काम करते.

माल किती, कसला?

निवडीचा पहिला निकष हौद्याचा. १९९८ नंतरच्या केइ ट्रकचा हौदा सुमारे १.९ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद असतो. तिन्ही बाजूंचे फाळके खाली पाडता येतात, त्यामुळे माल कोणत्याही बाजूने चढवता-उतरवता येतो. मोठ्या यूटीव्हीचा हौदा साधारण एक मीटर लांबीचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास निम्मा असतो. गवताच्या गाठी, फळांचे क्रेट, कुंपणाचे खांब, प्लायवूडचे तक्ते अशा जागा व्यापणाऱ्या मालासाठी ट्रक सरस ठरतो.

वजनाचा हिशेब मात्र वेगळा आहे. ३५० किलोची मर्यादा पाळायची तर २५ किलोच्या चौदाच गाठी ट्रकमध्ये बसतात. काही मोठ्या यूटीव्हींच्या हौद्याला सुमारे ४५० किलोपर्यंत परवानगी असते आणि त्या मागे टनभर वजनाचा ट्रेलरही ओढतात. त्यांचे इंजिन ८० अश्वशक्तीच्या पुढे जाते, तर जुन्या केइ ट्रकची ताकद साधारण ४० ते ५० अश्वशक्तीच्या आसपास असते. खडी, ओली माती किंवा पाण्याच्या टाक्या वाहायच्या असतील, तर आकाराने मोठा हौदा फसवा ठरू शकतो.

वाट कशी आहे?

दुसरा निकष वाटेचा. केइ ट्रक जमिनीपासून जेमतेम सोळा-अठरा सेंटिमीटर उंच असतो आणि त्याच्या चाकांचा खाली-वर होण्याचा पल्लाही मर्यादित असतो. कच्चा रस्ता, बांध, कुरण किंवा बर्फाचा पातळ थर तो सहज पार करतो. पण मोठे दगड, आडवे ओंडके, खोल चाकोऱ्या यांपुढे तो हतबल होतो. यूटीव्हीची जमिनीपासूनची उंची अनेकदा तीस सेंटिमीटरच्या आसपास असते. तिची रुंद, कमी हवेची चाके ओल्या कुरणात फारशी रुतत नाहीत आणि गवताची नासाडीही कमी करतात. डोंगरउतारावरचे कुंपण तपासणे, शिकारीच्या जंगलात शिरणे, वादळानंतर पडलेली झाडे हटवणे ही कामे यूटीव्हीचीच.

मात्र वाट संपून डांबरी रस्ता लागला की पारडे फिरते. ट्रकला बंद केबिन, हीटर, वायपर आणि दिवे मूळचेच असतात. साध्या यूटीव्हीत यातील पुष्कळ गोष्टी वेगळे पैसे मोजून बसवाव्या लागतात. तासन्‌तास समान वेगाने जाण्याचे कामही गिअरच्या ट्रकला अधिक मानवते. यूटीव्हीचा रबरी पट्टा झिजतो, तापतो आणि कधीकधी तुटतोही. मिनेसोटा किंवा मेनसारख्या राज्यांतील कडाक्याच्या हिवाळ्यात बंद केबिन ही चैन नसून गरज असते.

कागद आधी, चाक नंतर

तिसरा आणि सर्वात दुर्लक्षित निकष कायद्याचा. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार परदेशातील सुरक्षानियमांप्रमाणे बनलेली गाडी सहसा तशीच आयात करता येत नाही. तिच्या निर्मितीला २५ वर्षे पूर्ण झाली, की ही अट गळून पडते. म्हणजे २००० साली बनलेला ट्रक २०२५ मध्ये पात्र ठरला. त्याहून नवे केइ ट्रकही विकले जातात. मात्र ते केवळ खासगी जमिनीवर चालवण्यासाठी असतात आणि त्यांचा वेग ताशी २५ मैलांवर, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरवर रोखलेला असतो. जाहिरातीत दोन्ही ट्रक सारखेच दिसतात. कायद्याच्या नजरेत ती दोन वेगळी वाहने आहेत.

आयातीची परवानगी मिळाली म्हणजे रस्त्यावर चालवण्याची मिळाली, असेही नाही. नोंदणीचा अधिकार राज्यांकडे आहे आणि प्रत्येक राज्याची भूमिका निराळी आहे. टेक्सासच्या वाहन विभागाने मालकांच्या पाठपुराव्यानंतर २०२४ मध्ये धोरण बदलून अशा ट्रकांच्या नोंदणीचा मार्ग मोकळा केला. अन्य काही राज्यांत वेगमर्यादेच्या किंवा रस्त्याच्या प्रकाराच्या अटी आहेत, तर काही ठिकाणी नोंदणी नाकारली गेली आहे. यूटीव्हीची गतही फारशी वेगळी नाही. उत्पादक तिला आडवाटेचे वाहन म्हणूनच विकतात. ॲरिझोनासारखी राज्ये आवश्यक साधने बसवल्यावर तिला रस्त्यावर येऊ देतात, इतरत्र मात्र केवळ रस्ता ओलांडण्यापुरतीच मुभा असते.

किमतीच्या हिशेबातही कर विसरून चालत नाही. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर वाढवलेल्या कराला उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आयात ट्रकांवर २५ टक्के कर लादला. १९६४ पासून लागू झालेला हा कर 'चिकन टॅक्स' म्हणून प्रसिद्ध आहे. जपानमधील लिलावाची किंमत स्वस्त वाटली, तरी जहाजभाडे, आयातकर आणि बंदरावरील खर्च मिळवल्याशिवाय खरी किंमत कळत नाही. तरीही जुना ट्रक सहसा नव्या, सुसज्ज यूटीव्हीपेक्षा बराच स्वस्त पडतो.

सुरक्षितता : दोन वेगळे धोके

केइ ट्रकमध्ये चालकाचे गुडघे आणि समोरचा पत्रा यांत जेमतेम वीतभर अंतर असते. समोरून धडक बसल्यास आघात शोषून घेणारा भागच नाही. ओम्नीतून प्रवास केलेल्यांना ही रचना ठाऊक आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१० मध्ये छोटे ट्रक वर्दळीच्या रस्त्यांवर इतर वाहनांसोबत नकोत, असा इशारा दिला होता. दोन-अडीच टनांच्या पिकअपसमोर सातशे किलोंच्या ट्रकचा निभाव लागणे कठीणच.

यूटीव्हीचा धोका उलटण्याचा. उंच बांधा, तीव्र वळण आणि उतार एकत्र आले की ती कलंडते. यामाहाच्या 'ऱ्हायनो' या वाहनाच्या अपघातांत ४६ मृत्यूंची नोंद झाल्यानंतर मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने कंपनीच्या सहकार्याने मोफत दुरुस्तीची मोहीम जाहीर केली. मागील चाकांमधील अंतर वाढवणे हा त्यातील एक उपाय होता. यूटीव्हीचा पिंजरा चालकाला वाचवतो, पण पट्टा बांधलेला असेल तरच. जवळच जायचे आहे म्हणून पट्टा न बांधण्याची सवय इथे घातक ठरते.

सुटे भाग आणि देखभाल

यूटीव्हीचे विक्रेते आणि कारागीर अमेरिकेच्या गावोगावी आहेत. केइ ट्रकचे सुटे भाग मात्र अनेकदा जपानहून मागवावे लागतात आणि माहितीपुस्तिका जपानी भाषेत असते. सुबारूने स्वतः सांबार बनवणे २०१२ मध्ये थांबवले आणि होंडाच्या ॲक्टीचे उत्पादन २०२१ मध्ये संपले. त्या तुलनेत कॅरी आणि हायजेटचे घराणे अजून सुरू आहे. यंत्र साधे असल्याने हाताने दुरुस्ती करणाऱ्याला ट्रक परवडतो. ज्याला गाडी दुकानात सोडून निश्चिंत व्हायचे आहे, त्याला यूटीव्ही सोयीची.

महिंद्राचा तिसरा मार्ग

या दोन घराण्यांच्या मध्ये एक मराठी मुलखाशी नाते सांगणारा पर्यायही येऊन गेला. १९४७ पासून विलीस जीपशी जोडलेल्या मुंबईच्या महिंद्राने २०१८ मध्ये मिशिगन राज्यात 'रॉक्सर' हे वाहन सादर केले. थारशी नाते सांगणारी पोलादी चौकट, अडीच लिटरचे डिझेल इंजिन, पण नोंदणी आडवाटेच्या वाहनाची, असे त्याचे रूप होते. जीपच्या मालक कंपनीने रूपसाम्यावर आक्षेप घेतला. जून २०२० मध्ये अमेरिकी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाचा निर्णय महिंद्राच्या विरोधात गेला आणि कंपनीला गाडीचे रूप बदलावे लागले. दणकट गाडीलाही कायद्याची वाट बिकट असते, हेच यातून दिसले.

निवड कशी करावी?

खरेदीपूर्वी आठवडाभराच्या फेऱ्यांची नोंद ठेवणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे. किती फेऱ्या सपाट वाटेवरच्या, किती चढ-उताराच्या, माल जागा व्यापणारा की जड, आणि सार्वजनिक रस्त्याचा तुकडा किती लांबीचा, हे कागदावर आले की उत्तर बहुधा आपोआप मिळते. सपाट शेत, हलका पण मोठा माल, कडक हवामान आणि नोंदणी देणारे राज्य असेल, तर जपानी ट्रक योग्य. खडकाळ चढ, चिखल, जड ओझे आणि सारे काम खासगी जमिनीवर असेल, तर यूटीव्ही योग्य. वेगवान महामार्गावरून रोज जायचे असेल, तर या दोहोंपैकी कोणतेही वाहन त्यासाठी नाही. तिथे जुनी पण पूर्ण आकाराची पिकअप घेणेच शहाणपणाचे. आणि कोणताही व्यवहार करण्यापूर्वी राज्याच्या वाहन विभागाकडून नोंदणीबाबत लेखी उत्तर घ्यावे. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन त्याची जागा घेऊ शकत नाही.