पेंढारी आणि त्यांचं गिऱ्हाईक

आमच्या उमरेडहून नागपूर ४५-४६ किलोमीटर. १८११ साली पेंढारी तिथवर येऊन शहराबाहेरची वस्ती जाळून गेले. शाळेच्या पुस्तकात ते नुसते लुटारू असतात. पण ते बायका-पोरंही पळवून विकत. का बुवा? साधा हिशोब आहे. पेंढाऱ्यांना पगार नसे, उलट लुटीतूनच सरदाराला 'पालपट्टी' द्यावी लागे. आणि माणूस हा असा माल, की स्वतःच्या पायांनी बाजारापर्यंत चालतो!

१८१७-१८ मध्ये इंग्रजांनी टोळ्या मोडल्या. पण गुलामावरची मालकी कोर्टाने मानू नये, हा कायदा आला थेट १८४३ मध्ये. विकणारे संपले, विकत घेणारे सभ्य गृहस्थ घरीच होते. २०१४ मध्ये बोको हरामने चिबोकच्या २७६ मुली पळवल्या, विकायची धमकी दिली, तेव्हा हेच आठवलं. टोळीचं नाव सगळ्यांना पाठ असतं. गिऱ्हाईकाचं कोण विचारतं?